बाळाची झोप आणि घरची रात्र

जबलपूर शहरात रात्र सर्व घरी एकाच वेळी होत नाही. १९०४ साली येथे तोफगाड्यांचा कारखाना निघाला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला. १९६९ साली लष्करी मोटारींचा कारखाना स्थापन झाला. आणि २००३ साली पश्चिम-मध्य रेल्वेचे मुख्य कार्यालय याच शहरात आले. कारखान्याची पाळी आणि आगगाडीचे वेळापत्रक ही येथील पुष्कळ कुटुंबांची घड्याळे होत. कोणी रात्री अकराला कामावरून परततो, तर कोणी पहाटे चारला डबा घेऊन बाहेर पडतो. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात आजी, आईबाप, मोठी भावंडे आणि पाळण्यातले मूल ही सर्व मंडळी हाताच्या अंतरावर निजतात. नागपूरकर भोसल्यांचा अंमल येथे १८१७ पर्यंत होता. त्या काळापासून, आणि पुढे नोकरीच्या निमित्ताने, येथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांची राहणीही याहून निराळी नाही.

अशा घरातील आठ महिन्यांचे मूल रात्री चार-चार वेळा उठून रडू लागले, म्हणजे काय होते हे आपण सर्वांनी पाहिले आहे. आजी गुटी उगाळते, शेजारीण दृष्ट काढावयास सांगते, कोपऱ्यावरचा औषधविक्रेता एखादी गोड बाटली पुढे करतो, आणि डॉक्टराकडे मूल सर्वांच्या शेवटी जाते. तेथेही ताप, खोकला, जुलाब यांची चौकशी होते. मूल कोठे, केव्हा आणि कसे निजते हे बहुधा कोणी विचारीत नाही. आईच्या झोपेविषयी तर बोलावयासच नको. ती कोणाच्याच हिशेबात नसते.

वस्तुतः निरोगी बालकाच्या झोपेची तक्रार बहुतेक वेळा त्याच्या शरीरातून उद्भवलेली नसते. ती घराच्या दिनक्रमातून उद्भवलेली असते. म्हणूनच तिचा उलगडा दवाखान्याच्या टेबलापेक्षा घराच्या ओसरीवर अधिक सुलभतेने होतो. हे कसे, ते समजण्यासाठी प्रथम बालकाच्या निद्रेचे स्वरूप पाहिले पाहिजे.

निद्रेचे दोन प्रकार

निद्रेचे शास्त्र तसे तरुणच आहे. शिकागो विद्यापीठात नॅथनियल क्लाइटमन यांच्या हाताखाली यूजीन ॲसरिन्स्की नावाचा विद्यार्थी निजलेल्या तान्ह्या मुलांच्या पापण्यांचे निरीक्षण करीत असे. पुढे त्याने स्वतःच्या आठ वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांजवळ विद्युत्-अग्रे बसवून रात्रभर नोंद घेतली, तेव्हा निजलेल्या माणसाचे मिटलेले डोळे मधूनमधून वेगाने फिरत असतात असे त्यास आढळले. हा शोध १९५३ साली प्रसिद्ध झाला आणि निद्रा एकजिनसी नाही हे सिद्ध झाले. एक शांत निद्रा व दुसरी चंचल निद्रा, अशा दोन अवस्था आलटून पालटून येतात.

नवजात बालकाच्या झोपेचा जवळजवळ निम्मा भाग चंचल निद्रेचा असतो. मोठ्या माणसात तो चतुर्थांशाहून अधिक नसतो. या अवस्थेत मूल हसते, ओठ मुडपते, हातपाय झाडते, क्वचित कण्हतेही. आपल्या घरांतून याला सटवाई हसविते-रडविते असे म्हणण्याची रीत आहे. निरीक्षण अचूक आहे, कारण तेवढे निराळे! परंतु नवी आई या कण्हण्याला जाग समजते, घाईने मुलाला उचलते, आणि निजलेल्या मुलाला खरोखरीच जागे करते. मिनिटभर थांबून पाहिले तर पुष्कळदा ते पुन्हा शांत होते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. तान्ह्या मुलाच्या निद्रेचे एक आवर्तन सुमारे पाऊण ते एक तासाचे असते, आणि प्रत्येक आवर्तनाच्या अखेरीस झोप पातळ होऊन मूल जागृतीच्या काठाशी येते. आपणही रात्रीतून असे अनेकदा काठाशी येतो, कूस बदलतो आणि पुन्हा निजतो. सकाळी त्याची आठवणही राहत नाही. मुलाला मात्र हे शिकावे लागते. जे मूल दररोज अंगावर पिता पिता किंवा झोळीच्या हेलकाव्यावरच झोपी जाते, ते मध्यरात्री काठाशी आले म्हणजे त्याच साधनाची मागणी करते. झोळी थांबलेली असते, आई दूर झालेली असते. मग ते रडते. त्यात हट्ट नाही, आजारही नाही. झोपी जाण्याची जी एकच वाट त्याला ठाऊक आहे ती ते शोधीत असते.

दिवस आणि रात्र यांतील भेद नवजात बालकास ठाऊक नसतो. मेंदूतील कालमापक यंत्रणा दोन-तीन महिन्यांत हळूहळू प्रकाशाशी जुळते. सकाळचे ऊन आणि रात्रीचा अंधार हेच तिला किल्ली देणारे हात होत. पोट लहान असल्यामुळे पहिल्या काही महिन्यांत रात्री दुधासाठी उठणे हा दोष नव्हे. त्या वयात रात्रीचे पाजणे कमी करू नये, आणि रात्रभर सलग निजत नाही म्हणून चिंताही करू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दिलेल्या प्रमाणानुसार, दिवसाच्या डुलक्या धरून, पहिल्या तीन महिन्यांत १४ ते १७ तास, चार ते अकरा महिन्यांत १२ ते १६, एक व दोन वर्षांच्या वयात ११ ते १४ आणि तीन-चार वर्षांच्या वयात १० ते १३ तास झोप मिळावी. या मर्यादा रुंद आहेत. शेजारच्या मुलाशी आपल्या मुलाची तुलना करणाऱ्यांनी त्या रुंदीकडे अवश्य लक्ष द्यावे.

भारतासह १७ देश व प्रदेशांतील तीन वर्षांपर्यंतच्या २९ हजारांहून अधिक बालकांची पाहणी २०१० साली प्रसिद्ध झाली. न्यूझीलंडमधील मुले सरासरीने साडेसातच्या सुमारास निजत आणि हाँगकाँगमधील मुले सव्वादहानंतर. एकंदरीत आशियातील मुले उशिरा निजतात, कमी निजतात आणि आईबापांजवळ निजतात. यावरून मुलाला निराळ्या खोलीत निजविले की काम झाले असा निष्कर्ष काढणे उतावळेपणाचे होईल. एक तर निराळी खोली असतेच किती घरी? शिवाय न्यूझीलंडमधील घर संध्याकाळीच आवरले जाते. आपल्याकडे नऊ वाजता स्वयंपाक चालू असतो, दहा वाजता बाप घरी येतो, आणि त्या वेळी मुलाला जागे ठेवण्यात त्या बापाचे प्रेमच असते.

अफूची गोळी

मूल निजत नाही आणि आईला तर थांबण्याची सोय नाही, या पेचाचे अत्यंत कठोर रूप शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरणगावात दिसून आले. त्या काळी हजारो स्त्रिया कापड-गिरण्यांत काम करीत. त्यांतील पुष्कळ कोकणातून आणि घाटावरून आलेल्या मराठी बायका होत्या. पाळी दहा-अकरा तासांची. तान्हे मूल चाळीत एखाद्या म्हातारीच्या हवाली करावयाचे, आणि ते निपचित पडून राहावे म्हणून निघताना त्याला अफूची बारीकशी गोळी द्यावयाची. या गोळीला ‘बाळगोळी’ असे लाडके नाव होते. १९२२ साली मुंबई सरकारसाठी कामकरी स्त्रियांच्या बाळंतपणाची चौकशी करणाऱ्या डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरांनी असे नमूद केले की, या स्त्रियांच्या मुलांपैकी शेकडा ९८ मुलांना अफू दिली जात होती.

हा आकडा वाचून त्या मातांना दोष देण्याचा मोह होतो. तो आवरावा. अफूने येणारी गुंगी ही निद्रा नव्हे, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. निद्रेत मेंदू स्वतःचे काम करीत असतो. गुंगीत ते काम मंदावते. श्वास उथळ होतो, भुकेची जाणीव बोथट होते. गुंगीतले मूल दूध मागत नाही, म्हणून त्याला ते मिळत नाही, आणि न रडणारे ते शहाणे बाळ दिवसेंदिवस वाळत जाते. मात्र हे कळूनही त्या मातेने काय करावयाचे होते? कामावर न गेल्यास मजुरी नाही, आणि मुलाला बरोबर नेल्यास यंत्रांच्या मध्ये त्याला ठेवावयास जागा नाही.

म्हणून या प्रश्नाचे उत्तर औषधशास्त्राबाहेर शोधावे लागले. मुंबई इलाख्यात १९२९ साली आणि ज्यात जबलपूरचा समावेश होता त्या मध्यप्रांतात १९३० साली प्रसूति-साहाय्याचा कायदा झाला. मजूरविषयक शाही आयोगाने १९३१ च्या अहवालात कारखान्यांतील पाळणाघरांचा आग्रह धरला. १९४८ च्या कारखाना कायद्याने पन्नासांहून अधिक स्त्रिया काम करीत असतील तेथे पाळणाघर बंधनकारक केले. १९७६ साली ही मर्यादा तीसवर आणली गेली. माझ्या मते मातांना केलेल्या उपदेशापेक्षा या रजेचे आणि पाळणाघराचे मोल अधिक आहे. तथापि कायद्याचा हात सर्वत्र पोहोचत नाही. जबलपूर हे विडीच्या धंद्याचे जुने केंद्र. घरी सुपात पाने घेऊन विड्या वळणाऱ्या बाईला कोठले पाळणाघर?

अफूची गोळी आता गेली. तिच्यामागची गरज मात्र गेलेली नाही. सर्दी-खोकल्याच्या काही औषधांत सुस्ती आणणारे द्रव्य असते, आणि ‘याने मूल छान निजते’ या ख्यातीवर ती बाटली एका घरातून दुसऱ्या घरात जाते. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशारा वेष्टनावर छापण्याचा आदेश भारताच्या औषध-नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये दिला. त्यानंतर दोन वर्षांच्या आतच, २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात, जबलपूर विभागातील छिंदवाडा जिल्ह्यात परासियाच्या परिसरातील वीसहून अधिक मुले खोकल्याच्या औषधाने दगावली. त्या औषधात हेच मिश्रण होते, आणि त्याशिवाय डायएथिलीन ग्लायकॉल हे मूत्रपिंडे निकामी करणारे विष भेसळीने शिरलेले होते. ती मुले झोपेसाठी औषध घेत नव्हती, आजारासाठी घेत होती. परंतु लहान मुलाला बाटलीतले औषध किती सहजपणे पाजले जाते, हे त्या घटनेने फार मोठी किंमत घेऊन दाखविले. गुटीतल्या जायफळाचेही असेच. सहाणेवरचे दोन वेढे चार केले तर मूल जास्त निजेल हा हिशेब धोक्याचा आहे. जायफळ अधिक प्रमाणात विषारी ठरते. पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज मुलाच्या पोटात काहीही जाऊ नये.

उंबरठ्याच्या आत

घरात जाऊन बाळाची काळजी घेण्याच्या पद्धतीला महाराष्ट्रातील गडचिरोली जिल्ह्याने शास्त्राचा आधार दिला. डॉ. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने तेथील ३९ गावांत खेड्यातल्याच स्त्रियांना नवजात बालकांची तपासणी व शुश्रूषा शिकविली. नवजात मृत्यूंचे प्रमाण शेकडा ६२ ने घटले, हा निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. २०११ पासून ही पद्धत देशभर लागू झाली. प्रसूती रुग्णालयात झाली असली तरी आशा कार्यकर्ती तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशी घरी येते. आणि २०१८ च्या योजनेनुसार पुढे तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या व पंधराव्या महिन्यातही तिची भेट ठरलेली असते. मुलाच्या झोपेच्या अडचणी ज्या काळात उद्भवतात, नेमका तोच हा काळ.

अशा भेटीचा उपयोग झोपेसाठी होऊ शकतो काय? ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहरात हा प्रश्न कसोटीला लावण्यात आला. सातव्या महिन्यात झोपेची तक्रार सांगणाऱ्या ३२८ मातांपैकी काहींना वस्तीतील माता-बाल केंद्राच्या परिचारिकांनी मुलाला स्वतः झोपी जावयास कसे शिकवावे हे समजावून दिले. एका रीतीत आई मुलाजवळच बसते आणि काही रात्रींत थोडीथोडी मागे सरकते. आपल्या घरांना ही रीत सहज मानवण्यासारखी आहे. दहाव्या महिन्यात या घरांतील तक्रारी कमी झाल्या होत्या. परंतु मला अधिक बोलका वाटतो तो दुसरा परिणाम: मूल दोन वर्षांचे झाले तेव्हाही या मातांत मनाची खिन्नता इतरांपेक्षा कमी आढळली. मुले सहा वर्षांची झाल्यावर पुन्हा पाहणी झाली, तीत मुलांच्या स्वभावात वा आईशी असलेल्या जिव्हाळ्यात काहीही उणेपणा दिसला नाही.

निजण्यापूर्वीच्या ठरावीक क्रमाचीही परीक्षा झाली आहे. अमेरिकेत ४०५ मातांपैकी काहींनी दररोज रात्री स्नान, अंग चोळणे आणि मग अंगाई वा शांतपणे कुशीत घेणे हा क्रम पाळला. दोन आठवड्यांत त्यांची मुले लवकर झोपू लागली आणि कमी वेळा उठू लागली. या अभ्यासाला बालप्रसाधने विकणाऱ्या एका कंपनीचे साहाय्य होते, हे वाचकाने ध्यानात ठेवावे. गुण क्रमाचा आहे, साबणाचा नव्हे.

आता जबलपुरातील एक कल्पित घर घेऊ. मूल नऊ महिन्यांचे. बापाची कारखान्यात दुसरी पाळी. आशा कार्यकर्ती वजन करते, पत्रकावर नोंद करते, आणि उठण्यापूर्वी विचारते, “काल रात्री दिवा किती वाजता मालवला?” संभाषण अर्थात हिंदीत चालले आहे. आई म्हणते, “साडेअकराला असेल, दीदी. हे आल्यावर थोडा वेळ त्याला खेळवतात, मोबाइलवर गाणी दाखवतात.” आजी मध्येच सुनेला मराठीत टोकते, “अगं, सकाळी दहापर्यंत लोळतो, तेही सांग की!” या एका वाक्यात निदान झाले. मुलाच्या मेंदूतील घड्याळ बापाच्या पाळीला जुळलेले आहे. प्रकाशमान पडदा त्याला आणखी पुढे ढकलतो, आणि सकाळी उशिरापर्यंत लोळल्याने ते मागे येण्याची संधी जाते.

येथे हुशार कार्यकर्ती बापाची भेट बंद करावयास सांगत नाही. ती भेट सकाळी हलवावयास सांगते. मुलाला सातला उठवून ओसरीच्या उन्हात आणावे. बाप घरीच असतो, त्याने त्या वेळी खेळवावे. संध्याकाळची डुलकी पाचच्या आत संपावी. साडेआठला अंग पुसून, दूध पाजून, आतल्या खोलीचा दिवा मंद करावा. आणि डोळे जड झाले की पूर्ण झोपी जाण्याआधीच मुलाला अंथरुणावर टेकवावे. रात्री उठले तर दिवा न लावता, न बोलता थोपटावे. एका रात्रीत फळ मिळत नाही. पहिल्या तीन-चार रात्री रडणे वाढतेही, आणि ते शेजाऱ्यांना ऐकू जाते. हे अगोदर सांगून ठेवलेले बरे.

अंथरुणाचीही पाहणी ती करते. १९५० नंतरच्या दशकांत पाश्चात्य देशांतील नामांकित ग्रंथांनी मुलाला पालथे निजविण्याची शिफारस केली होती; ती घोर चूक ठरली. १९९० च्या सुमारास ‘मुलाला उताणेच निजवा’ ही मोहीम अनेक देशांत सुरू झाल्यावर झोपेतील अकस्मात मृत्यू निम्म्याहून कमी झाले. पहिल्या वर्षात मूल सपाट, घट्ट अंथरुणावर उताणे असावे. उशी आणि जड गोधडी तोंडाजवळ नसावी. दारू घेतलेल्या वा धूम्रपान करणाऱ्या माणसाशेजारी ते निजू नये. थंडीत बंद खोलीत पेटती शेगडी ठेवणे जीवघेणे आहे. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. मच्छरदाणी मात्र बारा महिने हवी. शेजारच्या मंडला जिल्ह्यात हिवतापाच्या उच्चाटनासाठी जबलपूरच्या आदिवासी आरोग्य संशोधन संस्थेने जे काम केले, ते पाहता हे निराळे सांगावयास नको.

काही तक्रारी घरी सुटणाऱ्या नसतात. मूल रोज घोरत असेल, झोपेत श्वास अडत असेल, तोंडाने श्वास घेत असेल, वजन वाढत नसेल, तर त्याला डॉक्टराकडे नेलेच पाहिजे. तळमळणाऱ्या झोपेमागे लोहाची उणीवही असू शकते. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मध्यप्रदेशातील पाच वर्षांखालील शेकडा ७२.७ मुले रक्तक्षयी आढळली. सहाव्या महिन्यापासून आठवड्यातून दोनदा मिळणारे लोहाचे औषध या दृष्टीनेही चुकवू नये. आणि आई सतत रडत असेल, मूल निजले असतानाही तिला झोप येत नसेल, तर त्या घरातील रुग्ण मूल नसून आई आहे.

कल्पित घरातील आजीची एक शंका राहिली. रात्री तेल लावले तर मुलाला सर्दी होईल, असे तिचे म्हणणे. दिल्लीत २००० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात १२५ तान्ह्या मुलांपैकी बहुतेकांना चार आठवडे निरनिराळ्या तेलांनी मालीश केले होते. तिळाचे तेल लावलेल्या मुलांची वाढ चांगली झाली आणि मालिशीनंतर ती सर्वांत अधिक वेळ, दीड तासाहून जास्त, निजली. तेव्हा न्हाणे सकाळीच राहू द्यावे, रात्री कोमट हाताने थोडे तिळेल तेवढे पायांना आणि पाठीला चोळावे, असे ठरले. तिळेल तर घरात होतेच, आजीच्या गुडघ्यांसाठी आणलेले. कार्यकर्तीने पत्रकावर बाराव्या महिन्याची तारीख लिहिली आणि ती पुढच्या घराकडे वळली.